चौघांच्या गोळ्या, एक डबा

बाबा, आज ओपीडीत एका म्हाताऱ्या माणसाने मला विचारलं, "मॅडम, त्या दोन गोळ्याइतली जी चांगली असंन, थेच मले देजा ना," आणि मी त्याच्यावर अशी काही खेकसले की बाहेरची नर्स दारातून डोकावून गेली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला एका नव्या औषधाच्या अभ्यासात घ्यायचं होतं, मी नियमाप्रमाणे सगळं समजावलं होतं आणि त्याने जे विचारलं ते कोणीही विचारेल. पण तो मान तिरकी करून, हसत हसत, भाजीवालीकडे वर चार मिरच्या मागाव्यात तसं विचारत होता आणि मला त्याच्या जागी तुम्ही दिसलात. घरी येऊन चहा केला, तो गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. आता लिहायलाच बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता वयाने तुमच्यापेक्षा मोठी आहे. तेव्हा आज मी जरा चढ्या आवाजात बोलणार आहे, आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

तुम्ही आयुष्यात माझं कधी ऐकलं नाही. मी डॉक्टर झाले तेव्हा पुलगावच्या कापड मिलच्या गेटवर उभं राहून पाळीच्या पाळीला पेढे वाटलेत, पण त्या डॉक्टरने सांगितलेलं एक काम धड केलं असेल तर शपथ. विड्या सोडल्या म्हणालात आणि बंडल सायकलच्या सीटखाली ठेवायला लागलात. रोज थोडं चाला म्हटलं तर म्हणालात की दिवसभर मशिनींच्या मधून चालतोच की. मीठ कमी करा, लोणचं बंद करा म्हणून घसा कोरडा केला, तर आईला सांगितलंत, "फोड नाई खात वं, नुसता खार घेतो." जसं काही मीठ फोडीत असतं आणि खार म्हणजे गंगाजल! आई हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला तुमच्या लोणच्याइतकाच राग यायचा. वॉर्डात माझ्या एका शब्दावर लोक जेवण सोडायला तयार असायचे आणि घरी माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही बोट चाटत असायचात.

झटका आला तेव्हाही तेच केलंत. पहिली पाळी होती. सूतखात्यात तुम्ही जॉबर, तीस-चाळीस माणसं तुमच्या हाताखाली, त्यांच्यासमोर छाती धरून बसणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं असणार. ग्यास झाला म्हणालात, ओवा मागवून चावलात आणि भोंगा होईपर्यंत उभे राहिलात. मिलमधले तुमचे जोडीदार, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आले, त्यांनी तुमचा चेहरा पाहिला. वर्षभरापूर्वी त्यांना स्वतःला झटका येऊन गेलेला, त्यामुळे ते ओव्याला फसले नाहीत. त्यांनी तुमच्या हातातून सायकल काढून घेतली आणि तुम्हाला धरून वर्ध्याच्या पॅसेंजरमध्ये बसवलं. स्टेशनवरून सायकलरिक्षाने तुम्ही आमच्या हॉस्पिटलात आलात. मी तेव्हा मेडिसिन वॉर्डात नवी डॉक्टर. ईसीजीची पट्टी माझ्या हातात आहे, त्यावरच्या रेघा मला अगदी स्पष्ट वाचता येताहेत, त्या वाचता आल्या नसत्या तर बरं झालं असतं असं वाटतंय, आणि तुम्ही ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला सारून विचारता, "जेवली का?" मी म्हणते, मुखवटा लावा. तुम्ही पुन्हा विचारता, "नाई पण, जेवली का?"

त्या काळात आमच्याकडे काय होतं हे आज विद्यार्थ्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आम्ही झोपवून ठेवायचो, ऑक्सिजन द्यायचो, वेदनेचं इंजेक्शन द्यायचो, जिभेखाली गोळी ठेवायचो आणि वाट पाहायचो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायचा तर मुंबई गाठावी लागे, आणि मुंबई गाठण्याइतकं बळ ज्याच्यात असे त्याच्याकडे तिथला खर्च नसे. त्यातून वाचलेला माणूस घरी जायचा, त्याच्या घरचे नारळ फोडायचे, आणि काही महिन्यांनी तोच माणूस दुसरा झटका घेऊन परत यायचा. हे दुसरं येणं थांबवता येईल का, हा आमच्या वॉर्डाचे प्रमुख असलेल्या सरांचा ध्यास होता. एक गोळी होती. ती नाडी संथ करायची, हृदयाचं काम हलकं करायची. पहिल्या झटक्यानंतर ती रोज घेतली तर माणूस जास्त जगेल असं काहींना वाटत होतं. आधीच दुबळं झालेलं हृदय तिच्यामुळे पार थकून जाईल, असंही अनेक डॉक्टरांना वाटत होतं. खात्रीने कोणालाच माहीत नव्हतं. सरांना ते माहीत करून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी तो अभ्यास सुरू केला.

सर पुण्याकडचे. ते शुद्ध, सावकाश मराठीत समजावायचे आणि पेशंट प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणायचे. बाहेर येऊन मला विचारायचे, "काय म्हणत होते साहेब?" दुसरा एखादा डॉक्टर असता तर हातात बाटली ठेवून मोकळा झाला असता. त्या काळी अनेक ठिकाणी तसंच चालायचं, औषध आहे, घ्या. सरांना ते मान्य नव्हतं. माणसाला कळल्याशिवाय त्याच्या अंगात काही घालायचं नाही, असं ते म्हणायचे. म्हणून समजावण्याचं काम त्यांनी माझ्या गळ्यात टाकलं. मी ओपीडीच्या बाकांसमोर उभी राहून आपल्या बोलीत सांगायची, "पाहा, दोन गोळ्या हायेत. दिसाले अगदी सारख्या. एकीत औषध हाय, दुसरीत नुसतं पीठ. कोनाले कोनती भेटन थे चिठ्ठी टाकून ठरते. अर्ध्याइले औषध, अर्ध्याइले पीठ. मले ठाऊक नाई कोनाले कोनती, सराइले ठाऊक नाई, तुमाले बी नाई. काई वर्सानं पाहू का कोनते लोक जास्त चांगले राह्यले." एवढं सोपं करून सांगितल्याचा मला कोण अभिमान वाटायचा. झटक्यातून उठलेले तुम्ही पहिल्या बाकावर बसला होतात आणि माझं बोलणं संपल्यावर आजूबाजूच्यांना सांगत होतात, "पोरगी होय माही."

मुलगी म्हणून तुमचे कागद मी करायचे नाहीत, तुमची नाडी मी बघायची नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते दुसऱ्या डॉक्टरकडे होतं. पुलगावाकडचे, एकेक झटका येऊन गेलेले तुम्ही चौघं अभ्यासात होतात. तुम्ही, काका, बाजारातले किराणा दुकानवाले शेठजी आणि जवळच्या खेड्यात शेती करणारे एक कास्तकारबुवा. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी चौघं एकाच पॅसेंजरने यायचात, एकाच गाडीने परत जायचात, येताना बाटल्या रिकाम्या, जाताना भरलेल्या. तुमची टोळी आली की ओपीडीत गलका व्हायचा. शेठजी नर्सेससाठी चिवड्याचा पुडा आणायचे. सरांनाही तुमचं कौतुक वाटायचं, कारण इतर गावांचे लोक दोन महिन्यांत गळायला लागले होते आणि पुलगावकर मात्र एकही तारीख चुकवत नव्हते.

पण काही महिन्यांनी तो दुसरा डॉक्टर सरांकडे डोकं खाजवत आला. ज्याला औषध मिळतं त्याची नाडी संथ व्हायला हवी, ज्याला पीठ मिळतं त्याची होती तशी राहायला हवी. पुलगावच्या चौघांची नाडी एका महिन्यात संथ यायची आणि पुढच्या महिन्यात पळत सुटायची. कधी दोघांची खाली, दोघांची वर. पुढल्या खेपेला नेमकं उलट. सर म्हणाले, गोळ्या विसरत असतील. पण बाटल्या तर बरोबर रिकाम्या येत होत्या. मग त्यांनी गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याला पत्र लिहून विचारलं की गोळ्यांमध्ये काही गडबड आहे का, आणि कारखान्याने उलट आमच्याकडेच संशयाने बघितलं. सर बिचारे हैराण झाले. मीही त्यांच्याबरोबर हैराण झाले. माझा बाप या सगळ्याच्या मुळाशी असेल हे मला स्वप्नातही आलं नाही.

पुढच्या रविवारी मी घरी आले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी चहा टाकला आणि साखर शोधत फळीवरचा लाडवांचा स्टीलचा डबा खाली काढला. झाकण उघडलं तर आत पांढऱ्या गोळ्या. चांगला अर्धा डबा. मी आईला विचारलं हे काय आहे. तिने मान वर न करता सांगितलं, "तुह्या बाबाच्या गोळ्या. चौघाइच्या हायेत."

"चौघांच्या म्हणजे?"

"दवाखान्यातून आले का आपापली शिशी त्याच्यात रिकामी करतात. मंग रोज संध्याकाळी येतात, चहा पेतात, एकएक गोळी घेतात आन जातात. थे कास्तकारबुवा रुमालात आठ दिवसाच्या बांधून नेतात. त्याइले रोज येनं होत नाई ना."

डबा माझ्या हातात तसाच राहिला. मिलमधली तुमची जेवणाची सुट्टी मला आठवली. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन यायची तेव्हा पाहायची, सगळे गोल करून बसायचे, सगळे डबे मध्ये उघडायचे आणि कोणाची भाजी कोणती हे कोणी विचारायचं नाही. ज्याच्या घरून नुसती भाकर आली तोही वांग्याची भाजी खाऊन उठायचा. एकट्याने आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसलेल्या माणसाशी पुढे कितीतरी दिवस कोणी धड बोलायचं नाही. पॅसेंजरमध्येही तुमचं तेच चालायचं. तुम्ही भाजीचं केलंत तेच गोळ्यांचं केलंत. तुम्ही अंगणातून हात धुऊन आत आलात, माझ्या हातातला डबा पाहिलात आणि पाटावर बसलात.

"बाबा, हे काय आहे?"

"गोळ्या. तुमीच देल्ल्या."

"त्या प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या!"

"होत्या ना. आता सगळ्याइच्या हायेत."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या एवढं आठवतं. सरांची किती महिन्यांची मेहनत तुम्ही पाण्यात घातलीत म्हणाले. तुम्ही शांतपणे मिरची मोडून घेतलीत आणि मला समजावायला लागलात, मलाच! "तूच सांगतलं ना, अर्ध्याइले औषध आन अर्ध्याइले पीठ? मंग चार मानसं एका गाडीनं जाऊन राह्यले, एका डब्ब्यात जेवून राह्यले, आन दोघाइनं औषध खावं, दोघाइनं पीठ? कोन्या तोंडानं खावं? आता सगळ्याइले थोडं औषध, सगळ्याइले थोडं पीठ. कोनाच्या मनात काई नाई."

"मग औषधाने फायदा होतो की नाही हे कळणार कसं?"

"तुमाले कळावं म्हून आमी एकमेकाचं तोंड पाहत बसावं काय?"

मी डबा आपटला. मग डॉक्टरसारखं बोलले. तुम्हाला म्हणाले, ही गोळी हृदयाला लगाम घालते. दोन दिवस लगाम खेचायचा आणि तिसऱ्या दिवशी एकदम सोडून द्यायचा, असं चाललंय तुमचं. औषध अजिबात न घेण्यापेक्षा हे वाईट असू शकतं. अचानक सुटलेलं हृदय उधळतं, त्याने झटका येऊ शकतो. आता मात्र तुम्ही घास खाली ठेवलात. मग म्हणालात, "तर मंग तू सांग कोनाची कोनती. ज्याची त्याले देऊन टाकतो."

"मला माहीत नाही."

"डॉक्टर हायस आन माहीत नाई?"

"कोणालाच माहीत नाही, बाबा! माहीत नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे!"

"काय बाप्पा," तुम्ही आईला म्हणालात, आणि आई म्हणाली, "भाकर थंडी होऊन राह्यली."

मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते तुम्हा चौघांना हाकलून देतील, आणि खरं सांगायचं तर रागाच्या भरात मला तेच हवं होतं. ते एवढंच म्हणाले, मी येतो पुलगावला. आम्ही दोघं पॅसेंजरने आलो. शेठजींनी दुकान अर्धं बंद केलं, सरांना गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर बसवलं, ग्लासातून चहा आला. तुम्ही चौघं समोर ओळीने बसलात. सरांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, औषधाची गोळी चांगली आहे असं मला पक्कं ठाऊक असतं तर मी ती तुम्हा सगळ्यांना आजच दिली असती. मला ते ठाऊक नाही. कदाचित ती जीव वाचवत असेल. कदाचित थकलेलं हृदय बंद पाडत असेल, आणि मग पीठ खाणारेच नशिबाचे ठरतील. डॉक्टरांनी मोठ्या खात्रीने दिलेल्या औषधांनी माणसं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून मला माझ्या खात्रीवर विश्वास नाही.

तुम्ही विचारलंत, "साहेब, राग नका येऊ द्या. तुमचे वडील असते त?"

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तरी चिठ्ठीच टाकली असती," ते म्हणाले. "दुसरं काय करणार? मला कळतच नसताना मी त्यांच्यासाठी काय निवडणार?"

काका म्हणाले, "मले त वाटून खाल्लेलंच बरं वाटते." कास्तकारबुवा रुमालाची गाठ सोडत-बांधत राहिले. शेठजी म्हणाले, "तुमी सांगा," आणि तिघांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ही गोष्ट आजवर कोणी केली नव्हती. मिलमध्ये तुमचा शब्द चालायचा, घरात तुमचा शब्द चालायचा आणि तुम्ही भर दुकानात चार लोकांसमोर मला विचारलंत, "तुहं काय म्हननं हाय?"

मी म्हणाले, "आपापली बाटली, आपापली गोळी. वाटणी बंद."

"पक्कं?"

"पक्कं."

"ठीक हाय. पोरगी सांगून राह्यली त तसंच."

सरांनी सरमिसळीचे महिने हिशोबातून काढून टाकले, चौघांना ज्याच्या त्याच्या चिठ्ठीप्रमाणे नव्या बाटल्या दिल्या आणि अभ्यासात ठेवून घेतलं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून हसत होते. सरांनी विचारलं काय झालं. मी म्हणाले, सर, बाबांनी पहिल्यांदा माझं ऐकलं.

आणि ऐकलंत ते कसं! विड्या चालूच राहिल्या, लोणच्याचा खार चालूच राहिला, पण ती बाटली तुम्ही देवाजवळ नेऊन ठेवलीत. संध्याकाळी दिवा लागला की एक गोळी, वर पाणी, झाकण घट्ट. आईने एकदा ती पुसायला उचलली तर तिच्यावर ओरडलात. आई मला म्हणायची, हे काय करून ठेवलं तू, गणपतीपेक्षा त्या शिशीलेच जास्त जपतात. नाड्या सरळ यायला लागल्या, काहींची नेहमी खाली, काहींची नेहमी वर, आणि त्या दुसऱ्या डॉक्टरने सरांसमोर हात जोडले. कोणाची वर आणि कोणाची खाली हे मी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात आई चतुर्थीला शेजारणींबरोबर केळझरच्या गणपतीला गेली होती. तुमच्या पहिल्या आजारपणात तिने तिथे नवस बोलला होता आणि तेव्हापासून तिची चतुर्थी चुकत नसे. तुम्ही घरी एकटे होतात. शेजाऱ्यांची सायकल उलटी करून तिची चेन बसवत होतात, हात काळे झालेले, आणि बसल्या जागी कलंडलात. काका धावत आले तेव्हा सगळं संपलं होतं, पॅसेंजरची वेळही नव्हती आणि तिचा उपयोगही नव्हता. मला निरोप आला तेव्हा मी वॉर्डात दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांची नाडी मोजत होते. ती मी पूर्ण मोजली. का ते मला अजून कळलेलं नाही.

तेराव्याला पंगत उठल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ पत्रावळीचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिले. "डॉक्टरीणबाई, सांगावं का नाई असं वाटून राह्यलं होतं," ते म्हणाले. "त्याले दोन महिन्यापासून दम लागे. पुलाचा चढाव आला का सायकलीवरून उतरे. म्या म्हनलं, अबे, माह्या शिशीतल्या अर्ध्या घे, तुह्या अर्ध्या मले दे, कोन पाहाले येते? तर म्हने, नाई. पोरीले जबान देल्ली. म्या तीनदा शिशी पुढं केली. तिन्हीदा हात मागं घेतला यानं."

दम लागत होता हेही मला सांगितलं नाहीत. का, तर मी लोणचं बंद करीन!

अभ्यास संपायला आणखी काही काळ गेला. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा सरांनी मला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांचं सांगू? नको असेल तर नाही सांगत." मी म्हणाले सांगा. ते म्हणाले, "पीठ." मी काकांचं विचारलं. ते म्हणाले, "औषध." निकाल औषधाच्या बाजूने लागला होता. ज्यांना गोळी मिळाली त्यांच्यात कमी माणसं गेली. "तू वाटणी बंद करायला लावलीस ते योग्यच होतं," सर पुढे म्हणाले. त्या वाक्याचा मला इतका संताप आला की मी कितीतरी दिवस त्यांच्या खोलीकडे फिरकले नाही.

एका माणसाच्या मरणावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, बाबा. मी ते फळ्यावर लिहून शिकवते. पूर्ण औषध मिळूनही तुम्ही गेला असतात, असं होऊ शकतं. ती सरमिसळ चालू राहिली असती तर तिनेच तुम्हाला आधी नेलं असतं, असंही होऊ शकतं, तेव्हा लगामाचं जे बोलले ते खोटं नव्हतं. आणि तसल्या अभ्यासांमुळेच ती गोळी पुढे वापरात आली. आर्वी, हिंगणघाट, देवळी, पवनार, कुठून कुठून माणसं येतात, मी ती लिहून देते आणि ती आपल्या पायांनी घरी जातात. काका म्हातारे होऊन गेले, नातवाचं लग्न पाहून गेले. भेटायला आले की माझ्यासमोर गोळी घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. चौघांनी एकमेकांचं वाटून खाल्लं असतं तर आम्हाला काहीच कळलं नसतं आणि त्या सगळ्या माणसांना मी काय दिलं असतं? हे मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगू शकते. उद्या त्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा बोलावलं आहे, ओरडल्याबद्दल माफी मागेन आणि त्यालाही हेच सांगेन.

तरीही राग जात नाही, आणि तो तुमच्या न ऐकण्याचा नाही. जन्मभर माझ्या सांगण्याला हसून उडवलंत, त्याची मला सवय होती, त्यावर माझं प्रेमच होतं म्हणा ना. मग नेमकं हेच का ऐकायचं होतं? काकांनी शिशी पुढे केली तेव्हा पुलाच्या चढावावर तुम्हा दोघांना बघायला कोण होतं? सर वर्ध्याला, मी वॉर्डात. दिलेला शब्द दिलेला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी शब्द मागितला तो अभ्यासासाठी मागितला होता, तुम्ही तो माझ्यासाठी पाळलात, आणि एवढं साधं मला तेव्हा कळलं नाही की तुम्ही त्या दोन्हींत काही फरक करणार नाही.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. विद्यार्थ्यांना तर नाहीच, त्यांच्यासमोर मला अजून उभं राहायचं आहे. फक्त तुम्हाला सांगते. काकांच्या त्या शिशीतल्या अर्ध्या गोळ्या घ्यायच्या होत्या, बाबा. मला कळलं नसतं. आणि कळलं असतं, तरी मी सरांना सांगितलं नसतं.